चिलट म्हणजे लहान डास का?

प्रश्न असा आहे: आरोग्यविषयक पत्रकाचं भाषांतर करताना 'आय फ्लाय'ला 'नेत्रमाशी' म्हणावं, 'गवतमाशी' म्हणावं, की सरळ 'चिलट'? आणि चिलट म्हणजे लहान डासच ना?

चिलटच म्हणा. पण ते डासाचं पिल्लू नव्हे. डासाची मादी सोंड खुपसून रक्त पिते. डोळ्यांशी घोंघावणारं चिलट चावत नाही. ते डोळ्यांतलं पाणी, चिपडं, जखमेवरचा पू टिपतं, आणि एकाच्या आलेल्या डोळ्यांवरून उठून दुसऱ्याच्या डोळ्यांवर बसतं. शास्त्राच्या हिशेबी ही माशीच, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. प्रजाती सिफंक्युलिना, कुळ गवतमाश्यांचं. या कुळातल्या पुष्कळ माश्यांच्या अळ्या गवताच्या, धान्याच्या ताटात वाढतात, म्हणून ते नाव. आपलं चिलट मात्र कुजक्या, ओलसर घाणीत वाढतं. पत्रकात 'गवतमाशी' छापलंत तर वाचणारा शेताकडे बघत बसेल.

शास्त्रीय नावही ऐकण्यासारखं आहे. इटालियन कीटकशास्त्रज्ञ रोंदानी यांनी १८५६ मध्ये प्रजातीला जे नाव दिलं, त्याच्या मुळाशी लॅटिनमधली 'बारीक नळी' आहे. आपल्याकडे आढळणारी जाती फ्युनिकोला, म्हणजे 'दोरीवर राहणारी'. आजोळच्या पडवीत दिव्याची जुनी वायर लोंबत असे. तिन्हीसांजेला तिच्यावर टोकापर्यंत काळे मणी ओवल्यासारखी चिलटं बसत. वायर हलवली की सगळी उठत, नि क्षणात पुन्हा तिथेच. हे नाव ठेवणाऱ्याने तेच पाहिलं असणार.

आता मला फार आवडणारी गोष्ट. डास पुल्लिंगी, माशी स्त्रीलिंगी, चिलट नपुंसकलिंगी. पोर, पाखरू, कोकरू यांच्या पंगतीत मराठीने त्याला बसवलं. आकार पाहून आणि तोंडाभोवती घोंघावणं पाहून दिलेलं हे नाव आहे, कुळ पाहून नव्हे. म्हणून डोळ्यांवरचं तेही चिलट, पिकल्या केळ्यांवरचं तेही चिलट, मोरीतलं तेही चिलट, जरी शास्त्रात तिघांची कुळं वेगळी.

त्यामुळे पत्रकात नुसतं 'चिलट' अपुरं पडेल. 'नेत्रमाशी' कुणी बोलत नाही, तो शब्द समजावून सांगावा लागेल. मी असं लिहीन: 'डोळ्यांवर येणारी चिलटं लहान मुलांच्या तोंडावर बसू देऊ नका, चिपडं आली की स्वच्छ ओल्या फडक्याने लगेच पुसा.'