अक्कलदाढ आणि स्टेरॉइडची गोळी

प्रश्न : माझ्या 24 वर्षांच्या मुलीची खालची आडवी अक्कलदाढ काल शस्त्रक्रिया करून काढली. वेदनाशामकाबरोबर डेक्सामेथासोनची गोळी दोन दिवस नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली आहे. ते स्टेरॉइड असल्याचे औषधाच्या दुकानात कळले. 2021 मध्ये कोविडवर स्टेरॉइड दिल्यानंतर माझ्या मधुमेही सासऱ्यांना काळ्या बुरशीचा आजार झाला होता, त्यामुळे घरातले सगळे गोळी देऊ नका म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या घराने जे पाहिले, त्यानंतर ही भीती वाटणे साहजिक आहे. मात्र सासऱ्यांच्या बाबतीत मधुमेह, कोविड आणि स्टेरॉइड या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. तुमच्या मुलीला मधुमेह, जठरव्रण किंवा सध्या दुसरा एखादा संसर्ग नसेल, तर दोन दिवसांच्या या औषधाची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही. यांपैकी काही असेल आणि ते दंतवैद्यांना सांगायचे राहिले असेल, तर पुढची गोळी देण्याआधी त्यांना फोन करा.

आडवी दाढ काढताना हिरडी कापून थोडे हाड कोरावे लागते. त्यामुळे गालावरची सूज शस्त्रक्रियेच्या दिवशी फारशी दिसत नाही, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. एरवी आपल्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. या दिवसांत एकच कशीबशी मावते आणि मऊ भाताचा चमचाही दातांवर अडतो. दाह निर्माण करणारी रसायने शरीरात तयार होण्याच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरच स्टेरॉइड आळा घालते, म्हणून सूज आणि जबड्याची ही आखड कमी होते. कित्येक शल्यचिकित्सक त्याचा एकच डोस शस्त्रक्रियेच्या आधी देतात, आणि डेक्सामेथासोनचा परिणाम दीड-दोन दिवस टिकत असल्याने बहुधा तेवढा पुरतो.

वेदनेवर मात्र त्याचा भरवसा धरू नये. वेदनाशामक ठरल्या वेळी चालूच ठेवावे. आयब्युप्रोफेनसारखे वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकत्र घेतल्यास जठराला इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणूनच गोळी उपाशीपोटी द्यायची नाही. सकाळची वेळही उगाच दिलेली नाही, कारण रात्री घेतल्यास झोप उडते. डोस हळूहळू उतरवत नेण्याचा नियम दीर्घकाळ चालणाऱ्या उपचारांचा आहे, दोन दिवसांच्या औषधाला तो लागू नाही.

तिसऱ्या दिवसानंतर सूज ओसरण्याऐवजी वाढू लागली, ताप आला किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी दंतवैद्यांकडे जावे. गिळताना वा श्वास घेताना त्रास झाल्यास थेट रुग्णालय गाठावे. सूज उतरली असूनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागला, तर जखमेतली रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडले असण्याची शक्यता असते. त्यावर स्टेरॉइडचा उपयोग नाही, दंतवैद्यांना जखम धुऊन तिथे औषध भरावे लागते.

एक जाता जाता सांगतो. दुकानदाराने पूर्ण पट्टी दिली असेल, तर उरलेल्या गोळ्या सासऱ्यांच्या औषधांच्या डब्यात जाणार नाहीत, एवढे आजच पाहा.