गेन, गुरुवारची सुट्टी आणि शुक्रवारची सकाळ

भोसरीच्या आपल्या कारखान्यात रिंगांची कड तपासणारा कॅमेरा आठवडाभर नीट चालतो, शुक्रवारी सकाळी मात्र चांगला माल रिजेक्ट करू लागतो, आणि गेन (सेन्सरचा सिग्नल वाढवणारी कॅमेऱ्यातील सेटिंग) वाढवला की चित्र दाणेदार होते, असे आपण लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी मी नेमका याच त्रासातून गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. लेन्स, फोकस आणि अंतर आपण ठीक करून घेतले असेल असे धरून चालतो.

गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असल्याने आमच्याकडे बुधवारी रात्री मेन स्विच बंद होत असे. कॅमेऱ्यात बदललेली मूल्ये यूझर सेटमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या कॅमेऱ्यातल्या कप्प्यात) सेव्ह केली नसतील, तर वीज गेल्यावर ती नाहीशी होतात आणि कॅमेरा फॅक्टरी सेटिंगवर उठतो, हे मला ठाऊक नव्हते. शुक्रवारी चित्र काळपट दिसे, मी अंदाजाने गेन वर नेई, आणि दर आठवड्याला आकडा वेगळा येई. पुरवठादाराच्या सर्व्हिस विभागाला फोन केला, तर एकच उत्तर मिळे: गेन ऑटोवर टाका. या सल्ल्याने माझे सर्वांत जास्त नुकसान केले, आणि त्याचा राग आजही गेलेला नाही. ऑटो गेनमध्ये तेलकट, काळसर रिंग समोर आली की कॅमेरा चित्र उजळवतो, चकचकीत आली की मंदावतो. मग सॉफ्टवेअरमध्ये ठरवलेल्या थ्रेशोल्डला (काळे कुठे संपते आणि उजळ कुठे सुरू होते त्या मर्यादेला) काही अर्थच उरत नाही. बारीक बर (कडेला राहिलेला धातूचा धारदार कंगोरा) असलेल्या रिंगा पास झाल्या, ग्राहकाकडून लॉट परत आला आणि दोन पाळ्या बसून आम्ही तो हाताने निवडला.

गेनमुळे प्रकाश वाढत नाही, सिग्नल वाढतो आणि त्याच्यासोबत नॉइजही (चित्रातील दाणे) वाढतो. ६ डेसिबलला सिग्नल दुप्पट होतो, १८ डेसिबलला सुमारे आठपट. आमचा गेन १८ वर गेला होता, तेव्हा रिंगेच्या काळ्या कडेवर मिठासारखे पांढरे कण दिसत आणि कड शोधणारे टूल प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी जागा दाखवी. म्हणून आधी प्रकाश, मग एक्स्पोजर (सेन्सर जितका वेळ प्रकाश घेतो तो) आणि शेवटी गेन, हा क्रम मोडू नये, असे माझे ठाम मत आहे. एक्स्पोजरला मात्र कन्व्हेयरची मर्यादा असते: माल सेकंदाला २०० मिलिमीटर सरकत असेल, तर १ मिलिसेकंदात चित्र ०.२ मिलिमीटर फरफटते. तेवढे चालणार नसेल तर स्ट्रोब लाइटवर (क्षणभर प्रखर चमकणाऱ्या दिव्यावर) खर्च करावा. शेजारच्या ट्यूबलाइटचा उजेड आडोसा लावून अडवावा, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि लहान एक्स्पोजरमध्ये फ्रेमगणिक फरक दिसतो.

माझा अनुभव मोनोक्रोम (कृष्णधवल) कॅमेऱ्यांचा आहे. रंगीत कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) वेगळा पाहावा लागेल. जेनआयकॅम (औद्योगिक कॅमेऱ्यांच्या सेटिंगसाठीचे) मानक पाळणाऱ्या कॅमेऱ्यांत पुढील नावे साधारण सारखीच असतात, तरी मॅन्युअल पाहून खात्री करावी. गेन ऑटो आणि एक्स्पोजर ऑटो दोन्ही ऑफ करावेत, मूल्ये यूझर सेट १ मध्ये सेव्ह करावीत, आणि यूझर सेट डीफॉल्ट म्हणून तोच सेट निवडावा. ही शेवटची पायरी राहिली तर सेव्ह करूनही उपयोग होत नाही, कारण चालू होताना कॅमेरा पुन्हा फॅक्टरी सेटच उचलतो. त्यानंतर कॅमेऱ्याची वीज तोडून पुन्हा जोडावी आणि गेनचा आकडा तोच आहे का हे बुधवारी घरी जाण्यापूर्वीच पाहावे.