वाचकांचे प्रश्न : नेपाळच्या डोंगरांवर रान परत आले, ते कसे?

गेल्या अंकात नेपाळच्या सामुदायिक वनांची ओळख करून दिली होती. उजाड झालेली सरकारी जंगले सांभाळण्याचे काम आणि त्यांतून मिळणाऱ्या उत्पन्नावरचा हक्क गावांकडे सोपवण्याची ही तिथली पद्धत आहे. त्या लेखावर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : १९५७ साली सरकारने जंगले ताब्यात घेतली म्हणून ती तुटली आणि पुढे गावांना परत दिली म्हणून ती वाढली, असे सर्वत्र वाचायला मिळते. ही गोष्ट खरोखर इतकी सरळ आहे का?

यातला दुसरा भाग बऱ्याच अंशी खरा आहे, पहिला मात्र जपून वापरावा. राणा राजवट १९५१ मध्ये संपली. राणा घराण्याकडे व त्यांच्या मर्जीतल्या लोकांकडे बिर्ता, म्हणजे इनाम, म्हणून असलेली मोठमोठी जंगले सरकारजमा करणे, हा १९५७ च्या खासगी वन राष्ट्रीयीकरण कायद्याचा एक मुख्य हेतू होता. पण पहाडातल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली रानेही त्याच कायद्याने सरकारची झाली. गावाने नेमलेल्या ज्या राखणदाराला घरोघरी माना-पाथीच्या मापाने धान्य मिळत असे, त्याच्या शब्दाचा आधार गेला, आणि वन खात्याकडे तर डोंगराडोंगरावर पोचतील इतकी माणसेच नव्हती. जुना धनी गेला आणि नवा आलाच नाही, अशी ती स्थिती होती.

तरीही सगळी वृक्षतोड या एका कायद्याच्या माथी मारता येत नाही. सिंधुपाल्चोक आणि काभ्रेपलांचोक या जिल्ह्यांचा इतिहास तेज बहादुर सिंह महत आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांनी बारकाईने तपासला, तेव्हा तिथली बरीचशी जंगले त्याआधी शंभर-दीडशे वर्षांपासूनच कमी होत गेल्याचे दिसून आले. राज्याला शेतसारा हवा होता, म्हणून रान मोडून शेते काढण्यास उत्तेजन दिले जाई. शिवाय लोखंड आणि तांबे गाळण्यासाठी कोळसा लागे. हे महत स्वतः वनाधिकारी होते, आणि १९७३ मध्ये सिंधुपाल्चोकमधील ठोकर्पा येथे गावकऱ्यांच्या हाती जंगल देण्याचा जो अगदी सुरुवातीचा प्रयत्न झाला, त्यात त्यांचा पुढाकार होता. कायद्यात तशी तरतूद होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

पुढे १९७८ च्या नियमांनी जंगले पंचायतींकडे देण्याची सोय केली, पण ती फारशी रुजली नाही. पंचायत ही राजकीय आणि प्रशासकीय हद्द होती. त्या हद्दीतल्या एखाद्या वाडीचा शेजारच्या रानाशी काहीही संबंध नसे आणि हद्दीबाहेरची दुसरी वाडी मात्र रोज त्याच रानातून वैरण आणत असे. १९९३ च्या वन कायद्याने हा घोळ निस्तरला. जे प्रत्यक्ष जंगल वापरतात त्यांचा ‘उपभोक्ता समूह’ कायदेशीर संस्था ठरला. जमीन सरकारचीच राहिली, पण समूहाने आपले विधान, म्हणजे नियमावली, आणि कार्ययोजना तयार करावी, वनोपजाचा भाव स्वतः ठरवावा आणि आलेला पैसा आपल्या कोषात ठेवावा, हे अधिकार त्याला मिळाले. आज असे २२ हजारांहून अधिक समूह आहेत, त्यांच्याकडे सुमारे २२ ते २३ लाख हेक्टर जंगल आहे आणि जवळपास ३० लाख कुटुंबे त्यांत सहभागी आहेत. म्हणजे सरासरीने पाहिले तर एका समूहाकडे शंभरेक हेक्टर येतात, पायी फिरून नजरेखाली ठेवता येईल एवढेच.

प्रश्न : एवढे जंगल परत येण्यासाठी किती झाडे लावावी लागली असतील? आमच्या निसर्ग मंडळाला रोपवाटिकेच्या दृष्टीने यातून काही शिकता येईल का?

रोपवाटिका झाल्या, रोपवनेही झाली. परंतु परत आलेल्या जंगलाचा मोठा भाग कोणी लावलेला नाही. ही गोष्ट ऐकणाऱ्याला पटकन पटत नाही, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

नेपाळच्या मध्य पहाडातला एखादा उतार दुरून बोडका दिसत असे, पण जवळ जाऊन पाहिले तर गुडघ्याएवढी खुरटी झुडपे दिसत. ती चिलाउने, कटुस किंवा कमी उंचीवर साल या वृक्षांची जिवंत खोडे असत. वर्षानुवर्षे कोयत्याने छाटलेल्या आणि गुरांनी कुरतडलेल्या या खोडांची मुळे जमिनीत खोलवर शाबूत होती. अशा ठिकाणी चराई थांबली आणि तोड आवरली, की त्या जुन्या मुळांच्या जोरावर बुंध्यातून धुमारे फुटतात आणि ते कोणत्याही नव्या रोपापेक्षा झपाट्याने वाढतात. मग समूहाने करायचे ते एवढेच, की एका बुंध्यावरचे एक-दोन सरळ धुमारे ठेवून बाकीचे सरपणाला काढायचे. दरडी कोसळून माती उघडी पडलेल्या ओलसर जागी उतिस हा वृक्ष आपोआप येतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्मजीव हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे पुढच्या झाडांसाठी माती तयार होते.

जिथे मुळेही उरली नव्हती, तिथे मात्र लागवड करावी लागली. १९७८ पासून नेपाळ-ऑस्ट्रेलिया वन प्रकल्पाने सिंधुपाल्चोक आणि काभ्रेपलांचोक याच दोन जिल्ह्यांत मोठ्या प्रमाणावर चीड, म्हणजे पाइनची सूचिपर्णी झाडे, लावली. चिडीला गुरे तोंड लावत नाहीत, नापीक जमिनीतही ती तग धरते आणि तिची जाड साल लहानसहान वणवा सोसते. लोकांना हवी होती वैरणीची आणि पाल्याची झाडे, आणि मिळाली चीड, अशी नाराजी त्या वेळी होती आणि ती रास्तच होती. परंतु राखण झालेल्या अनेक रोपवनांत काही वर्षांनी चिडीच्या सावलीत चिलाउने, कटुस आपणहून उगवून आले.

तेव्हा मंडळाने रोपवाटिका अवश्य करावी, पण त्याआधी एक पावसाळा जमीन नुसती राखून पाहावी आणि मग काय उगवते ते मोजावे.

राखणीची तिथली एक रीत इथे सांगायलाच हवी. काही गावांत ‘लौरो पालो’ असतो, म्हणजे काठीची पाळी. ज्या घराच्या दारात काठी असेल, त्या घरच्या माणसांनी त्या दिवशी जंगलात फिरून यायचे आणि मग ती काठी पुढच्या घरी द्यायची. त्यामुळे राखणदाराच्या पगाराचा प्रश्न राहत नाही आणि प्रत्येक घराला आपले रान डोळ्यांनी पाहावे लागते.

प्रश्न : जंगल ‘बंद’ केले म्हणजे कोणाचे तरी सरपण बंद झाले. त्या काळात गरीब घरांनी आणि बायकांनी काय केले, याविषयी लेखात एक ओळही नव्हती.

तुमची तक्रार योग्य आहे. ती उणीव येथे भरून काढण्याचा प्रयत्न करतो, कारण या साऱ्या प्रयोगातला सर्वांत अवघड भाग हाच आहे.

डोंगरी शेतकऱ्याला जंगलातून इमारती लाकूड क्वचितच लागते. रोज लागतात ती वैरण, सरपण आणि सोत्तर. सोत्तर म्हणजे गोठ्यात अंथरायचा पालापाचोळा, त्याचेच शेणखत होऊन पायऱ्यांच्या शेतात जाते. ज्याच्याकडे स्वतःची बारी, म्हणजे कोरडवाहू शेत, आणि तिच्या बांधावर चाऱ्याची झाडे आहेत, त्याला पाच वर्षे जंगल बंद राहिले तरी निभावता येते. अशा शेतकऱ्यांनी त्या काळात बांधांवर झाडे वाढवली आणि मोकाट गुरे कमी करून गोठ्यात बांधलेली म्हैस पाळली. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याला हे शक्य नव्हते. सरपणाची मोळी विकून पोट भरणाऱ्यांचा धंदा एका ठरावाने बेकायदा ठरला. कामी समाजातील लोहारांना भात्यासाठी कोळसा लागतो, पण अनेक समूहांच्या सुरुवातीच्या नियमांत कोळशाला जागाच नव्हती, कारण नियम करणाऱ्यांपैकी कोणाच्याही घरी भाता नव्हता. स्त्रियांना जवळचे रान सोडून दूरच्या, अजून कोणाच्या ताब्यात न दिलेल्या रानात जावे लागे. झाडे वाचली हे खरे, पण त्यांची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही.

मला यात दोष लोकसहभागाचा वाटत नाही, अर्धवट सहभागाचा वाटतो. समितीत गावातली शिकलेली, जमीनवाली आणि बहुधा वरच्या जातींतली पुरुष मंडळी बसत. सभा भरे ती बायकांच्या कामाच्या वेळी. हे हळूहळू ध्यानात आले आणि २००९ च्या मार्गदर्शक नियमांत समितीत निम्म्या जागा स्त्रियांना, अध्यक्ष किंवा सचिव यांपैकी एक पद स्त्रीकडे आणि समूहाच्या उत्पन्नातला ३५ टक्के भाग गरीब घरांसाठी, असे ठरले. उत्पन्नाचा किमान चौथा हिस्सा जंगलावरच खर्च व्हावा, हा नियम आधीपासून होता. कागदावरचा नियम आणि गावातली सभा यांत अंतर असतेच, पण हातात नियम असला की एखादी बाई तो दाखवून प्रश्न विचारू शकते.

स्त्रियांच्या सहभागाकडे न्यायाच्या पलीकडे जाऊनही पाहता येते. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी नेपाळ आणि गुजरातमधील वनसमित्यांचा अभ्यास केला. नेपाळमध्ये केवळ स्त्रियांच्या समित्यांकडे आलेली जंगले तुलनेने लहान आणि अधिक खराब होती. तरीही त्यांची सुधारणा इतर समित्यांच्या जंगलांपेक्षा सरस निघाली. ज्या हातांना रोज रानात जावे लागते, त्यांना कोणती फांदी कधी तोडावी आणि चोरतोड कोणत्या वाटेने होते हे ठाऊक असते. त्यांनाच सभेबाहेर ठेवणे हे जंगलाचेही नुकसान होते.

भूमिहीनांसाठी नेपाळने १९९० च्या दशकात आणखी एक वाट काढली, ती कबुलियती वन, म्हणजे भाडेपट्ट्याच्या जंगलाची. काही मोजक्या गरीब कुटुंबांच्या गटाला उजाड जंगलाचा तुकडा ४० वर्षांच्या पट्ट्याने दिला जातो. तिथे ती कुटुंबे चारा लावतात, किंवा अम्रिसो नावाचे गवत लावतात, ज्याच्या फुलोऱ्यापासून झाडू बनतात आणि ज्याची मुळे उताराची माती घट्ट धरून ठेवतात. सामुदायिक वनांच्या मानाने हा कार्यक्रम लहानच राहिला, याची मला खंत वाटते.

प्रश्न : जंगल वाढले तर झरेही वाढले असतील. मग तिथले झरे आटत आहेत अशा बातम्या का येतात?

जंगल आले की पाणी आलेच, असे धरून चालता येत नाही. झाड मुळांनी पाणी ओढून हवेत सोडते. त्याबदल्यात ते मातीत पाऊस मुरण्याची शक्ती वाढवते. झऱ्याला लाभ व्हायचा तर मुरणारे पाणी ओढल्या जाणाऱ्या पाण्यापेक्षा अधिक हवे. काभ्रेपलांचोकमधील धुलिखेलजवळ, जिखु खोलाच्या पाणलोटात, संशोधकांनी उजाड कुरण, सुमारे २५ वर्षांचे चिडीचे रोपवन आणि नैसर्गिक रुंदपर्णी जंगल यांची तुलना केली. चिडीच्या रोपवनात जमिनीची मुरवण्याची शक्ती अपेक्षेइतकी सुधारली नव्हती, कारण खाली पडलेला पाचोळा सोत्तरासाठी सतत गोळा केला जात होता आणि मातीची तुडवण चालूच होती; झाडांचे पाणी पिणे मात्र वाढले होते. रुंदपर्णी जंगलात मुरण कितीतरी चांगली होती. म्हणून चिडीची विरळणी करून खालच्या रुंदपर्णी झाडांना वर येऊ देणे आणि पाचोळ्याचा काही भाग जागेवरच ठेवणे, हे झऱ्यांच्या हिताचे आहे. शिवाय झरे आटण्याला रस्त्यांची खोदाई, पावसाचे बदललेले मान आणि भूकंपाने हललेले खडक अशीही कारणे असतात. सारा दोष चिडीला देऊ नये.

प्रश्न : तरुण माणसे परदेशी गेली असतील, तर ‘समुदाय’ म्हणून आता तिथे उरले कोण? आणि जंगल वाढण्याचे श्रेय तरी सामुदायिक वनांना द्यावे की स्थलांतराला?

उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या एका अभ्यासानुसार नेपाळचे वनाच्छादन १९९२ मधील सुमारे २६ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांवर गेले. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी वनसर्वेक्षणातही जंगल आणि झुडपी रान मिळून ४४.७४ टक्के भरले. याच काळात लाखो माणसे खाडी देशांत आणि मलेशियात गेली, गुरे घटली, लांबची शेते पडीक पडून तिथे झाडी आली आणि पाठवलेल्या पैशातून घरात गॅस आला. ही कारणे एकमेकांपासून वेगळी काढणे कठीण आहे. पण माणसे गेल्यामुळे उतारावरचा भार कमी झाला, एवढेच स्थलांतराबाबत म्हणता येते. मोकळ्या झालेल्या जागेत काय वाढू द्यायचे, ही व्यवस्था समूहांनीच बसवली होती.

आता अडचण उलटी झाली आहे. पूर्वी लाकूड कमी आणि हात जास्त होते, आज विरळणीला आलेली दाट चीड उभी आहे आणि ती उतरवायला हात नाहीत. वाळलेल्या सुयांचा थर साचतो, चैत्राच्या वाऱ्यात वणवा पेटला तर जाळरेषा काढायला गावात म्हातारी माणसे आणि बायकाच असतात. २०२१ च्या वसंतात वणव्यांच्या धुराने काठमांडूच्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. वाढलेल्या झाडीबरोबर माकडे, रानडुकरे आणि बिबटे शेताच्या कडेला आले, ते वेगळेच.

माझ्या मते येत्या काळात जंगलातून कामाचा मोबदला मिळायला हवा. चिडीचा डिंक, लोक्ता आणि अर्गेली या झुडपांच्या सालीपासून होणारा कागद, विरळणीचे लाकूड हे सगळे आजही निघते, पण तोडीच्या आणि वाहतुकीच्या परवानग्यांसाठी समूहांना सरकारी कचेऱ्यांत खेटे घालावे लागतात. १९९५ मध्ये स्थापन झालेला सामुदायिक वन उपभोक्ता महासंघ याच मुद्द्यावर सरकारशी झगडत आला आहे. २०१५ च्या संविधानानंतर केंद्र, प्रदेश आणि स्थानिक पालिका अशी तीन सरकारे झाली आणि समूहाच्या कोषावर कर लावण्याचा हक्क कोणाचा, हा नवा वाद उभा राहिला. गावात मागे राहिलेल्या बाईने दोन दिवस विरळणीचे काम केले तर त्याची मजुरी तिला त्याच कोषातून मिळायची आहे. म्हणून त्या कोषावर तिन्ही सरकारांपैकी कोण किती हात घालते, यावर तिथल्या चिडीची विरळणी होणार की नाही हे बरेचसे अवलंबून राहील.