स्टडी म्हणजे नुसता अभ्यास नव्हे

तुझा प्रश्न: 'स्टडी या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि समानार्थी शब्द सांगा. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत दहावीला आहे.'

गाईडात एका ओळीत छापलेलं असतं: स्टडी, लर्न, रीड, एज्युकेट. ती ओळ आधी खोड. स्टडी म्हणजे खटपट, लर्न म्हणजे त्या खटपटीतून पदरात पडलं ते. 'आय स्टडीड फॉर थ्री अवर्स बट लर्न्ड नथिंग' हे वाक्य बिनचूक आहे. दोन्ही शब्द एकच असते तर त्याला अर्थच उरला नसता. एज्युकेट तर दुसऱ्याला करायचं असतं.

आपल्याकडच्या चुका ठरलेल्या आहेत. मराठीत 'दहावीत शिकतो' म्हणून 'आय ॲम लर्निंग इन टेन्थ'. इयत्ता, शाळा, कॉलेज सांगताना स्टडीच हवं. 'अभ्यास करूलोय' म्हणून 'डूइंग स्टडी'. इथं 'डू' नको, 'आय ॲम स्टडीइंग' पुरे. सरांनी अभ्यास दिला तर तो होमवर्क, 'गेव्ह स्टडी' नव्हे. कन्नड मुलांची चूक वेगळी: त्यांच्या 'ओदु'मध्ये वाचणं आणि शिकणं दोन्ही येतं, म्हणून 'रीडिंग इन टेन्थ'. ब्रिटिश इंग्रजीत 'शी इज रीडिंग लॉ' चालतं, पण ते विद्यापीठातल्या विषयापुरतं. स्पेलिंगमध्ये स्टडीज आणि स्टडीडला वायचा आय होतो, स्टडीइंगला वाय राहतो, कारण दोन आय शेजारी बसवायचे नसतात.

आता समानार्थी. परीक्षेची उजळणी असेल तर रिव्हाइज, आदल्या रात्रीची घोकंपट्टी असेल तर क्रॅम. नकाशा किंवा एक्स-रे निरखून पाहणं असेल तर एक्झामिन, अर्जाची छाननी असेल तर स्क्रूटिनाइज. नाम असेल आणि 'अ न्यू स्टडी शोज' असं आलं तर रिसर्च. घरातली लिहिण्यावाचण्याची खोली हीसुद्धा स्टडी. चित्रकाराचं सरावाचं चित्र, तेही स्टडी. आणि 'स्टडीड सायलेन्स' म्हणजे मुद्दाम धरलेलं मौन, तिथं अभ्यासाचा काही संबंध नाही.

या शब्दाशी तुझी खरी गाठ पडणार आहे ती स्टडी सर्टिफिकेटमध्ये. सीईटीतून, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेतून, इंजिनिअरिंगला जाताना बहुतेकांना कर्नाटकात किमान सात वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं, ते या कागदावर. बोनाफाईड दिला की झालं असं समजू नकोस. बोनाफाईड सांगतो की पोरगं आज या शाळेत आहे. स्टडी सर्टिफिकेट सांगतं की कुठल्या इयत्तेपासून कुठल्या इयत्तेपर्यंत, कुठल्या वर्षी होतं. शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेचं वेगळं घे, वर, लागते तिथं, बीईओची (गटशिक्षणाधिकाऱ्याची) सही. वर्षं मोजून बघ: समज, पहिली ते सातवी 2015-16 ते 2021-22 अशी झाली, तर ही सात होतात. 2015 ते 2022 असं मोघम लिहिलं की खिडकीवरचा माणूस सात की आठ म्हणून परत पाठवतो. छापील फॉर्मवर 'हॅज स्टडीड फ्रॉम... टू...' असतं. शाळा सोडून झाल्यावर व्याकरणानं नुसतं 'स्टडीड' बरोबर, पण फॉर्म दुरुस्त करत बसू नकोस.

याच कागदाला कन्नडमध्ये 'व्यासंग प्रमाणपत्र' म्हणतात आणि आपली माणसं हसतात: पहिलीतल्या पोराचा कसला व्यासंग? मराठीत व्यासंग म्हणजे एखाद्या विषयाला वर्षानुवर्षं वाहून घेणं, म्हणून हसू येतं. पण लॅटिन 'स्टुडियम'चा मूळ अर्थ ओढ, उत्साह, झटून लागणं. म्हणजे मुळाशी व्यासंगच जवळचा, आपला 'अभ्यास' नव्हे. अभ्यासात पुन्हा पुन्हा करणं आहे. कन्नडमध्ये तर 'अभ्यास' म्हणजे सवयही. शिक्षा शब्दाचंही तेच. हिंदीत शिक्षण, आपल्याकडे आणि कन्नडमध्ये दंड. हे फरक बेळगावच्या पोराला फुकटात कळतात. तरी 'मराठी शाळेतली मुलं इंग्रजीत कच्ची' असं म्हणणारे इथंच भेटतात. कच्ची ती मुलं, जी एका शब्दाला एकच शब्द लावून पाठ करतात, मग शाळा कुठल्याही माध्यमाची असो.

एक राहिलं. रिव्हाइज हा ब्रिटिश वापर आहे, अमेरिकन माणूस रिव्ह्यू म्हणतो. आणि पेपरात स्टडीचा समानार्थी विचारून पर्यायांत फक्त लर्न दिलं असेल, तर वाद न घालता लर्नवर खूण कर आणि पुढच्या प्रश्नाकडे वळ.