सर्व्हिस सेंटरला जाताना केबल घरी ठेवू नका

तुम्ही ग्रुपवर लिहिलंय की घराबाहेर लावायचा तुमचा बॅटरीवरचा सुरक्षा कॅमेरा फोनच्या ४५ वॉटच्या चार्जरला त्याच्याच सी-टू-सी केबलनं (दोन्ही टोकांना टाइप-सी) जोडलात तर चार्जिंगचा दिवासुद्धा लागत नाही. जुनी तीन मीटरची, रुंद यूएसबीवाली वायर लावली तर दिवा लागतो, पण रात्रभरात ३८ टक्क्यांचे जेमतेम ४१ होतात. आणि दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, नवी टाका. इतक्यात पैसे देऊ नका. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी अगदी हेच झालं होतं, फक्त दुकानदाराच्या जागी सर्व्हिस सेंटर होतं.

तुमच्या तक्रारी खरं तर दोन आहेत, आणि दोन्हींचा बॅटरीशी संबंध नसण्याची शक्यता जास्त. सी-टू-सी केबलमध्ये चार्जर आपणहून करंट सोडत नाही. पलीकडे कुणी आहे की नाही हे तो एका ५.१ किलोओहमच्या रेझिस्टरवरून ओळखतो, आणि काही स्वस्त कॅमेऱ्यांत नेमका तोच बसवायचा राहिलेला असतो. मग चार्जर ४५ वॉटचा असो की १०० चा, ढिम्म हलत नाही. जुन्या रुंद यूएसबी पोर्टवर मात्र ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून ए-टू-सी केबल (एक टोक रुंद, दुसरं टाइप-सी) लावली की तोच कॅमेरा मुकाट चार्ज होतो.

आता ती तीन मीटरची वायर. तिच्यावर बारीक अक्षरांत काय छापलंय ते बघा. एडब्ल्यूजी म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, आकडा मोठा तितकी तार बारीक. पॉवरची तार २८ एडब्ल्यूजी असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबं होतं, त्याचा रोध सव्वा ओहमच्या वर. एक अँपिअर ओढायचा म्हटलं तर पाचातले सव्वा व्होल्ट वायरच गिळते. व्होल्टेज पडतंय म्हटल्यावर कॅमेरा करंट कमी करतो, दिवा मात्र इमानेइतबारे लागलेला असतो. तेवढ्याच लांबीची २४ एडब्ल्यूजी तार असेल तर हा तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो. मीटरभराची घ्या, प्रश्नच मिटला.

वेळेचा अंदाज हवा असेल तर १०,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण ३७ वॉट-तास. कॅमेरा २ अँपिअर घेणारा असेल तर पाच-सहा तास, १ अँपिअरवाला असेल तर दहा-अकरा. टीव्हीच्या मागच्या पोर्टला लावलात तर बहुतेकदा अर्धाच अँपिअर मिळतो, मग दिवस उजाडून मावळला तरी आशा ठेवू नका.

सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही, पण मनस्ताप सांगतोच. काउंटरवरच्या मुलानं पिशवीतून फक्त कॅमेरा काढून घेतला. "सिर्फ यूनिट छोड़िए, केबल-वेबल वापस ले जाइए." जॉबशीटवर ठसठशीत लिहिलं, विदाउट अ‍ॅक्सेसरीज. म्हणजे जिनं सगळा घोळ केला ती वायर माझ्या हातात परत, आणि तपासणी कॅमेऱ्याची! त्यांनी एसीच्या खोलीत, त्यांच्या वीतभर केबलवर लावला, शंभर टक्के झाला, "नो फॉल्ट" म्हणून परत दिला. घरी आणला, पुन्हा तेच. परत गेलो तर आता म्हणे बॅटरी वीक आहे, आणि बॅटरी वॉरंटीत येत नाही. मी विचारलं, अहो, इथे तर पूर्ण भरली होती ना? तर उत्तर, "सर, सिस्टम में यही आ रहा है." कॅमेऱ्याच्या जवळपास निम्म्या किमतीची बॅटरी गळ्यात मारली. एवढ्या फेऱ्यांत एकाही माणसानं विचारलं नाही की घरी कोणत्या वायरनं लावता. नवी बॅटरी घालूनही कॅमेरा तसाच. शेवटी आमच्या महाराज बाडा चौकाजवळच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्यानं मधे यूएसबी मीटर (किती करंट जातोय ते दाखवणारा) लावून दाखवलं. आमच्या वायरवर ०.३ अँपिअर, त्याच्या वायरवर ०.९. एक पैसा घेतला नाही त्यानं.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो. बॅटरीवर खर्च करण्याआधी काहीशे रुपयांचा तो मीटर घ्या. १ अँपिअरच्या कॅमेऱ्यावर ०.८-०.९ दिसलं तर वायर ठीक आहे, तरीही चार्ज टिकत नसेल तर मग बॅटरीवर संशय घ्या. (शंभराच्या जवळ आल्यावर आकडा आपोआप उतरतो, तेव्हा बॅटरी उतरलेली असताना मोजा.) सेंटरला जायचंच तर केबल आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही न्या, जॉबशीटवर लिहायला लावा, आणि मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ फोनमध्ये ठेवा. "नहीं लेते" म्हणाले तर तिथेच, त्यांच्यासमोर, आपल्या केबलनं लावून दाखवा.

मी इंजिनिअर नाही, तुमचं मॉडेलही पाहिलेलं नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर वरचं सगळं विसरा, चार्जिंग ताबडतोब बंद.

दोन गोष्टी जाता जाता. चार्जिंगला हॉलमध्ये लावत असाल तर अ‍ॅपमधून मोशन डिटेक्शन बंद करा, नाहीतर घरातल्या प्रत्येक येण्याजाण्यावर तो जागा होऊन रेकॉर्ड करतो आणि भरलेलं तिथेच खर्च करतो. मायक्रो यूएसबीचा कॅमेरा असेल तर पावसासाठी पोर्ट बऱ्याचदा खोलवर दिलेला असतो, साध्या केबलचं टोक तिथे अर्धवटच बसतं. कॅमेऱ्यासोबत डब्यात आलेली केबल लांब टोकाची असते, ती मुलांच्या हाती देऊ नका.

आणि तुमच्या पोस्टखाली कुणीतरी सोलर पॅनेल सुचवलंय. लावा, पण ग्वाल्हेरचा मे डोक्यात ठेवून. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, बहुतेक कॅमेरे तापले की स्वतःच चार्जिंग थांबवतात. आपल्याकडे सावलीतच पारा तिथवर जातो, पश्चिमेच्या भिंतीची गोष्टच सोडा. पॅनेल उन्हात आणि कॅमेरा छज्जाखाली, असं बसवा. जानेवारीत धुक्यानं दिवसेंदिवस ऊन दिसत नाही तेव्हा पॅनेल असूनही चार्जिंगची वायर बाहेर काढून लावावीच लागते.