प्रतिजैविकांची किंमत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिन बनवीत असत आणि त्याविषयी अभिमानाने बोलत. आता अँटिबायोटिक म्हटले की घरातले सारे बिचकतात. ही औषधे खरोखरच इतकी थोर होती का?

उत्तर : होती आणि आजही आहेत. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचण्यात आले, तेव्हा चेहऱ्यावरून पसरलेल्या संसर्गापायी त्याचा एक डोळा काढावा लागला होता आणि फुप्फुसेही ग्रासली होती. औषध सुरू होताच त्याला उतार पडू लागला. परंतु साठा इतका तुटपुंजा होता की, त्याच्या लघवीतून उत्सर्जित झालेले पेनिसिलिन वेगळे काढून तेच पुन्हा टोचावे लागे. अखेर तेही संपले, संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो दगावला. १९५४ साली पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने हेच औषध आपल्या देशात तयार करायला घेतले, हे ध्यानात घेतले तर आपल्या वडिलांचा अभिमान रास्तच ठरतो. सिझेरियन, सांधेरोपण किंवा कर्करोगावरील केमोथेरपी आज बेधडक करता येते ती या औषधांच्या भरवशावर; श्रेय मात्र एकट्या सर्जनला मिळते.

प्रश्न : वरचेवर अँटिबायोटिक घेतल्याने माझ्या शरीराला त्यांची सवय झाली आहे काय?

उत्तर : सवय आपल्या शरीराला होत नाही, बदल होतो तो जिवाणूंत. औषधाने दुबळे जिवाणू मरतात, मुळातच चिवट असलेले तगतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. काही जिवाणू पेनिसिलिनचा रेणूच तोडणारे विकर (एन्झाइम) तयार करतात, आणि त्या विकराचे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावरून दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. म्हणूनच आयुष्यात एकही गोळी न घेतलेल्या माणसालाही प्रतिरोधक, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या, जंतूची लागण होऊ शकते. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यासाठी घेतलेली गोळी सर्दीला काहीच करीत नाही, आतड्यातल्या जिवाणूंवर मात्र दुबळे मरून चिवट उरण्याची ही निवड लादते.

प्रश्न : मागच्या वेळच्या चार गोळ्या उरल्या आहेत. ताप आल्यास घेऊ का?

उत्तर : घेऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे औषध घेऊ नये, हे सांगण्यासाठीच पाकिटावर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. परंतु जितके दिवस जास्त तितके बरे, हाही गैरसमजच आहे.

प्रश्न : गाईला कासदाह झाल्याने डॉक्टरांनी सडात औषध सोडले. दूध डेअरीला घालावे का?

उत्तर : पशुवैद्यांनी सांगितलेला किंवा औषधाच्या वेष्टनावर छापलेला वर्ज्य काळ संपेपर्यंत घालू नये. औषधाचा अंश दुधात उतरतो. अशा दुधाला विरजण लावले तर दही नीट लागत नाही, कारण विरजणातले जिवाणूही त्याच औषधाला बळी पडतात. ते दूध वासरालाही पाजू नये, कारण त्याच्या आतड्यात प्रतिरोधक जिवाणू वाढू शकतात आणि शेणावाटे गोठ्यात पसरतात. दुसरी गाय त्याच भांड्यात पिळत असाल, तर आजारी गाय शेवटी पिळावी.