संतांचे अवशेष आणि चर्च निवडण्याचा प्रश्न

प्रश्न : मी प्रोटेस्टंट घरात वाढलो, बाप्तिस्मा झालेला आहे, बायबल लहानपणापासून वाचतोय. गेले काही महिने एका कॅथलिक मित्राबरोबर मिस्साला, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेला, जातोय आणि खरं सांगायचं तर तिथली शांतता मनाला फार भिडली. पण वेदीत कुणातरी हुतात्म्याचं हाड ठेवतात हे कळलं आणि मला कसंतरीच झालं. हे शास्त्रात कुठे आहे? संतांकडे प्रार्थना करणं ही मूर्तिपूजाच नाही का? ऑर्थोडॉक्स चर्चबद्दल वाचलं तर तिथेही तेच. घरचे म्हणतात तिकडे गेलास म्हणजे ख्रिस्ताला सोडलंस. मग माणसाने चर्च निवडायचं तरी कसं?

उत्तर : हाडापासूनच सुरुवात करूया, कारण तुमचं घोडं खरं तिथेच अडलंय. बायबल उघडा आणि २ राजे, १३ वा अध्याय काढा. अलीशा संदेष्टा मेलाय, त्याला पुरलंय, पुढे काही लोक एका माणसाला पुरायला घेऊन चाललेत, तेवढ्यात लुटारूंची टोळी दिसते, घाबरून ते प्रेत अलीशाच्या कबरेत टाकतात आणि अलीशाच्या हाडांना लागताच तो मेलेला माणूस जिवंत होऊन उभा राहतो. आता पाच अध्याय पुढे जा. १८ व्या अध्यायात हिज्कीया राजा पितळी सर्पाचे तुकडे करतो. हा सर्प साधासुधा नव्हता बरं का, खुद्द देवाच्या सांगण्यावरून मोशेने केलेला, त्याच्याकडे बघून माणसं वाचलेली, पण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले म्हणून राजाने तो फोडला आणि शास्त्र त्याबद्दल राजाला चांगलंच म्हणतं. म्हणजे देव हाडामधूनही काम करतो हे त्या पुस्तकात आहे, आणि देवाने दिलेली वस्तूसुद्धा पूजेची झाली तर फोडावी लागते हेही त्याच पुस्तकात आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स लोक पहिल्या गोष्टीकडे बोट दाखवतात, प्रोटेस्टंट दुसरीकडे. तुम्ही दोन्ही वाचा, एक वाचून दुसरी सोडू नका. नव्या करारात प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये पौलाच्या अंगावरचे रुमाल नि फडकी आजाऱ्यांकडे नेली आणि ते बरे झाले असंही लिहिलंय, पण तिथे वाक्याचा कर्ता देव आहे, देवाने पौलाच्या हातून अद्भुतं केली असं आहे, आणि ते रुमाल नंतर जपून ठेवा असं कुठेही सांगितलेलं नाही.

ही पद्धत मध्ययुगात कुणीतरी शोधून काढली असं प्रोटेस्टंट घरांत बऱ्याचदा ऐकायला मिळतं. तसं नाहीये. स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याला इ.स. १५५ च्या सुमाराला जाळून मारलं, त्यानंतर त्याच्या मंडळीने लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात ते म्हणतात की आम्ही त्याची हाडं गोळा केली, आम्हाला ती रत्नांपेक्षा आणि सोन्यापेक्षा मोलाची वाटली, योग्य जागी ठेवली, आणि त्याच्या हौतात्म्याचा दिवस आम्ही तिथे जमून पाळू. पण त्याच पत्रात हेही आहे की ख्रिस्ताची आम्ही उपासना करतो कारण तो देवाचा पुत्र आहे, आणि हुतात्म्यांवर प्रेम करतो कारण ते प्रभूचे शिष्य आहेत. उपासना फक्त देवाची, संतांना मान, हा फरक पुढे ७८७ मध्ये बिशपांच्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेने रीतसर मांडला, पण त्याचं मूळ हे असं इतकं जुनं आहे. वेदीखाली अवशेष ठेवायची चाल हुतात्म्यांच्या कबरींवर जमण्यातूनच आली, आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर वेदीवर अँटिमेन्शन नावाचं एक कापड पसरतात, त्यावर ख्रिस्ताला कबरेत ठेवतानाचं चित्र असतं आणि कापडातच अवशेषाचा एक कण शिवलेला असतो, ते अंथरल्याशिवाय लिटर्जी, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, होत नाही. ज्याने ख्रिस्तासाठी जीव दिला त्याचं शरीर आणि ख्रिस्ताचं बलिदान एका जागी, एवढाच त्यामागचा विचार आहे. हे कळल्यावरही तुम्हाला कसंतरी होईल कदाचित, होऊ दे, पण निदान ते का ठेवलंय हे माहीत असून कसंतरी होईल.

आता दुसरी बाजू, आणि ती मी अजिबात झाकणार नाही. अवशेषांच्या नावाने भयंकर प्रकार झालेत. प्राचीन चर्चचा मोठा बिशप ऑगस्टिन, त्यानेच ४०० च्या सुमाराला तक्रार केलीय की भिक्षूंचा वेष घेतलेले भटके लोक हुतात्म्यांचे अवयव म्हणून काहीबाही विकत फिरतात. जर्मनीतल्या सॅक्सनीचा राज्यकर्ता (इलेक्टर) फ्रेडरिक याच्याकडे विटेनबर्गमध्ये १५२० पर्यंत १९ हजारांच्या वर तुकडे जमले होते, ते बघायला येऊन दान देणाऱ्याला पापदंडातून सूट मिळायची, आणि त्यांचं प्रदर्शन सर्व संतांच्या दिवशी म्हणजे १ नोव्हेंबरला व्हायचं. ज्याच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली त्या ल्यूथरचे अशी सूट विकण्याविरुद्धचे ९५ मुद्दे ३१ ऑक्टोबर १५१७ चे आहेत, त्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवसाचे, तेही त्याच गावात. दुसरा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन, त्याने १५४३ मध्ये लिहिलं की ख्रुसाचे म्हणून दाखवले जाणारे सगळे तुकडे एकत्र केले तर एक जहाज भरेल. ही टीका खरी होती, आणि कॅथलिक चर्चने ती ऐकलीच नाही असंही नाही, ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये संतांचा मान कायम ठेवला पण अंधश्रद्धा आणि पैशाचा बाजार काढून टाका असं बिशपांना स्पष्ट बजावलं. म्हणून माझी विनंती आहे की एका चर्चची शिकवण दुसऱ्या चर्चच्या वाईट सवयीशी तोलू नका. शिकवण शिकवणीशी तोला, सवय सवयीशी.

मग खरा वाद कुठे आहे? तर तो हाडात नाहीच. तो यात आहे की ख्रिस्तात मेलेल्या माणसाला आपण हाक मारू शकतो का. ल्यूथरन लोकांचं १५३० चं आउग्सबुर्ग विश्वासपत्र, त्याचं २१ वं कलम वाचा, अगदी छोटं आहे. ते म्हणतं संतांची आठवण जरूर ठेवा, त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा, पण त्यांना हाक मारा असं शास्त्र शिकवत नाही, मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, १ तीमथ्य २:५. कॅथलिक माणूस यावर म्हणतो की त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत पौल सगळ्यांसाठी विनंत्या करा असं सांगतो, म्हणजे एकमेकांसाठी प्रार्थना केल्याने ख्रिस्ताचं मध्यस्थपण कमी होत नाही, आणि मेल्यावर माणूस ख्रिस्ताच्या जास्त जवळ जातो तर त्याची प्रार्थना थांबेल कशाला? प्रोटेस्टंट पुन्हा विचारतो की तो प्रार्थना करत असेलही, पण माझी हाक त्याला ऐकू जाते हे कुणी सांगितलं? इथे येऊन दोघेही प्रामाणिक माणसं असूनसुद्धा थांबतात. मी स्वतः संतांना हाक मारत नाही, कारण तसं करायला शास्त्राने सांगितलेलं मला दिसत नाही. पण मारणाऱ्याला मूर्तिपूजक म्हणायला माझी जीभ धजत नाही, कारण तो कुणाची उपासना करतोय हे मी मिस्सामध्ये बघितलंय.

आता निवडीबद्दल. तुम्ही संत नि अवशेष यांवरून चर्च निवडायला निघालात तर उलट्या टोकाने सुरुवात कराल असं मला वाटतं. आधी हा प्रश्न सोडवा की विश्वासाच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा? शास्त्राचा, आणि चर्च त्याच्या खाली? की शास्त्र आणि परंपरा एकत्र, आणि त्यांचा अर्थ लावणारा पोप आणि बिशप? की ऑर्थोडॉक्स म्हणतात तसा सगळ्या चर्चने मान्य केलेल्या परिषदांचा, पोपच्या वरचष्म्याशिवाय? याचं उत्तर मिळालं की संतांचा प्रश्न त्याच्या मागून येतो. बाप्तिस्मा झालेला माणूस कॅथलिक चर्चमध्ये जातो तेव्हा त्याला सर्वांसमोर म्हणावं लागतं की हे चर्च जे देवाने प्रकट केलंय म्हणून मानतं, शिकवतं आणि जाहीर करतं ते सगळं मी मानतो. सगळं. त्यात १८५४ ची मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेची, म्हणजे मरिया स्वतः आईच्या पोटात आल्यापासूनच मूळ पापापासून मुक्त होती ही, शिकवण आली, १८७० ची पोपच्या अचूकपणाची आली, १९५० ची मरियेच्या स्वर्गोन्नयनाची आली. याच्यापुढे वेदीतलं हाड फारच छोटी गोष्ट आहे हो. उलट अमुक एक अवशेष खराच आहे असं मानायची सक्ती कुणावरही नाही, तुरीनच्या कफनाचंच बघा, १९८८ च्या कार्बन तपासणीत ते कापड १२६० ते १३९० मधलं निघालं, त्यावर आजही वाद चालू आहेत, आणि ते ख्रिस्ताचंच कफन आहे असं चर्च अधिकृतपणे म्हणत नाही. संतांना रोज हाक मारलीच पाहिजे असंही नाही, ट्रेंटने ते चांगलं आणि उपयोगी आहे असं म्हटलंय. पण ते चूक आहे असं मनात ठेवून तुम्ही ती कबुली देऊ शकत नाही, आणि मनात एक नि तोंडात एक असं करून आत जाऊ नका, कळकळीने सांगते.

शांततेबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी हलक्यात घेत नाही. पण शांतता हे तिथे जात राहायला चांगलं कारण आहे, कायमचं नाव नोंदवायला पुरेसं नाही, कारण कुठल्याही चर्चमध्ये थोडे दिवस राहिलं की तिथली भांडणंही दिसायला लागतात. फादरना भेटा, तुमच्या स्वतःच्या पाळकांनाही भेटा, दोघांना तेच प्रश्न विचारा, आणि पाळकांना न सांगता निघून जाऊ नका, त्यांचा तेवढा हक्क आहे. मधल्या वाटाही आहेत. ल्यूथरन आणि अँग्लिकन चर्चमध्ये सर्व संतांचा दिवस पाळतात, संतांच्या नावाने चर्च असतात, गुडघे टेकून प्रार्थना होते, आणि हाक मात्र एकट्या ख्रिस्तालाच, निदान त्यांच्या जुन्या विश्वासपत्रांप्रमाणे.

घरच्यांना एवढंच सांगा की पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला तुमचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चही खरा मानतं, पुन्हा देत नाही. निकियाचा विश्वासांगीकार दोन्हीकडे म्हटला जातो. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या ज्या प्रश्नावरून सगळं फाटलं त्यावर ल्यूथरन जागतिक महासंघ आणि व्हॅटिकनने १९९९ मध्ये आउग्सबुर्गला एकत्र जाहीरनाम्यावर सही केली, मेथडिस्ट २००६ मध्ये त्यात आले. सगळे मतभेद मिटलेत असं नाही, पण तिकडे गेलास म्हणजे ख्रिस्ताला सोडलंस हे वाक्य खरं नाही आणि ते घरात पुन्हा पुन्हा बोललं जाऊ नये.

प्रश्न : मी प्रोटेस्टंट, नवरा कॅथलिक. बाळ झाल्यावर सासूबाईंनी एका संताचं छोटं कार्ड दिलं, त्यात कापडाचा बारीक तुकडा चिकटवलाय, म्हणाल्या पाळण्याला बांध, बाळाला काही होणार नाही. मला ते पटत नाही, पण नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. काय करू?

उत्तर : आधी कार्ड हातात घ्या आणि त्यांना मनापासून थँक्यू म्हणा, कारण त्यांनी आपल्या जवळची मोलाची गोष्ट नातवंडाला दिलीय. असं कापड बहुधा संताच्या अवशेषाला किंवा कबरेला लावून आणलेलं असतं, याला तिसऱ्या वर्गाचा अवशेष म्हणायची पद्धत आहे, पहिला म्हणजे शरीराचा भाग, दुसरा म्हणजे संताने वापरलेली वस्तू. आपण आजोबांचा चष्मा कपाटात जपून ठेवतो तसं हे प्रेमाने जपायला तुमची हरकत नसावी. पण बांधलं की काही होणार नाही, हे मात्र कॅथलिक शिकवणीतही बसत नाही. त्यांच्या धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात, ज्याला कॅटेकिझम म्हणतात, मनाची वृत्ती बाजूला ठेवून नुसत्या बाह्य कृतीलाच गुण आहे असं मानणं ही अंधश्रद्धा म्हटलीय. तेव्हा सासूबाईंना म्हणा, आई, मी संतांना हाक मारत नाही पण तुम्ही आणि मी मिळून बाळासाठी रोज रात्री येशूकडे प्रार्थना करूया, आणि तुम्ही मला या संताची गोष्ट सांगा. त्या संताने काय सोसलं, कुणाची सेवा केली, हे बाळाला मोठेपणी आजीकडूनच कळू दे, त्याला आमच्या कुठल्याही विश्वासपत्राची आडकाठी नाही. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही पण ती कार्डापेक्षा मोठी आहे, बाळाचा बाप्तिस्मा. मिश्र लग्नाला परवानगी घेताना कॅथलिक जोडीदार मुलांना कॅथलिक चर्चमध्ये वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन असं वचन देतो, आणि ते दुसऱ्या जोडीदाराला कळवलेलं असतं. तुम्हा दोघांचं यावर नीट बोलणं झालं नसेल तर ते आधी करा, सासूबाईंना मध्ये न घेता.

प्रश्न : आजीच्या पेटीत संताचा अवशेष सापडला. घरात आता कुणी चर्चला जात नाही. एकजण विकत घ्यायला तयार आहे. विकू का?

उत्तर : नका विकू. कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कॅनन ११९०, पवित्र अवशेषांची विक्री साफ मना आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो कुणा माणसाच्या देहाचा भाग असू शकतो, त्याचा भाव करणं बरं नाही. डबी नीट बघा. बहुतेक ती पितळेची गोल, नाण्याएवढी असेल, समोर काच, आत लाल रेशमावर एक कण आणि खाली कागदाच्या बारीक पट्टीवर लॅटिनमध्ये नाव. नावाआधी एक्स ऑसिबस असेल तर हाडातला, एक्स इंड्युमेंटिस असेल तर कपड्यातला. मागचं झाकण उघडलंत तर लाल दोरे आडवे उभे बांधून त्यावर लाखेचा शिक्का दिसेल, तो दोरा तोडू नका, शिक्का फुटला की तो खरा असल्याचा पुरावाच जातो. पेटीत अजून शोधा, बिशपच्या सहीचा छापील लॅटिन कागद घडी घालून ठेवलेला असू शकतो. तो आणि डबी दोन्ही जवळच्या कॅथलिक चर्चच्या फादरांकडे द्या, आणि आजीचं नाव सांगून तिच्यासाठी एक मिस्सा वाचायला सांगा, तिला तेच आवडलं असतं.